पॉल डेझमंडसारखा ऑल्टो वाजवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑल्टो सॅक्सोफोन शिकायला लागून बराच काळ झाला, 'टेक फाइव्ह'ची धून वाजवता येते, पण ती रचणाऱ्या अमेरिकन जॅझवादक पॉल डेझमंडचा तो हलका, तरंगता स्वर काही केल्या निघत नाही. त्यासाठी कुठला माउथपीस घ्यावा? त्याचं आणखी काय ऐकावं? आणि 'टेक फाइव्ह'मधला त्याचा सोलो उतरवून घेण्यापासून सुरुवात करावी का?

माउथपीसचं आधी मिटवतो, कारण विचारणारा प्रत्येक जण तिथेच अडकलेला असतो. डेझमंड सेल्मरचा ऑल्टो, ग्रेगरीचा एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा माउथपीस आणि त्यावर बऱ्यापैकी कडक, साडेतीन नंबरची रीड (फुंकीने थरथरणारी वेताची पट्टी) वापरायचा. ग्रेगरीचे ते जुने माउथपीस आता वापरलेल्या मालातच मिळतात आणि डेझमंडचं नाव जोडून विकणारे वाट्टेल ती किंमत सांगतात. त्या नादी लागू नका. घ्यायचाच असेल तर एबोनाइटचा, आतली पोकळी मोठी आणि गोल असलेला, टोकाशी कमी उघडा असा कुठलाही चांगला माउथपीस चालेल. धातूचा नको. रीड अडीचवरून एकदम साडेतीनवर नेऊ नका, जबडा आवळायची सवय लागेल आणि ती सुटायला फार त्रास देते. तीनवर थांबा, सहा महिने तिथेच राहा. बाजारात जाऊन सुटणारा भाग एवढाच.

आता स्वराबद्दल. बहुतेक जण डेझमंडची नक्कल करताना फुंक कमी करतात. रीड अर्धवट हलते, निम्मी हवा नुसतीच बाहेर पडते आणि जो फुसफुसाट येतो त्याला ते डेझमंड समजतात. हेडफोन लावून त्याचं साठच्या दशकातलं कुठलंही रेकॉर्डिंग नीट ऐका. स्वराला मधोमध घट्ट गाभा आहे. हवा पूर्ण ताकदीने, सतत चालू आहे, फक्त तिचं रूपांतर मोठ्या आवाजात होत नाही. आपला स्वर ड्राय मार्टिनीसारखा लागावा असं तो म्हणे. त्यातल्या 'ड्राय'कडे लक्ष द्या. ओलावा, गोडवा, लाडिकपणा त्याने जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे.

आपल्याकडे इथे एक जादा अडचण येते. मराठी कानावर सॅक्सोफोन पडला तो हिंदी सिनेमातून आणि ऑर्केस्ट्रांतून. मनोहारी सिंग यांच्यासारख्या वादकांनी ऑल्टोला गायकाच्या गळ्यासारखं गायला लावलं: खालून उचललेला स्वर, भरपूर मींड, ओळीच्या शेवटी रुंद कंप. ते काम अतिशय अवघड आहे आणि ते ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण तो कान घेऊन डेझमंडकडे गेलात की पहिल्या ओळीतच गोंधळ होतो. तो स्वर सरळ लावतो. खालून घासत येत नाही. कंप दिलाच तर लांब स्वराच्या अगदी शेवटी, बारीक. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा काही नवीन शिकवत नाही, काढून टाकायला सांगतो. एक साधी धून घ्या, कुठलीही. एकही मींड न घेता, एकही कंप न देता, ओळीतला प्रत्येक स्वर सारख्याच फुंकीवर वाजवा. ऐकायला कोरडं वाटेल. थोडे दिवस तसंच राहू द्या.

दुसरी गोष्ट सप्तकाची. ऑल्टोवर आपण 'सी' धरतो तेव्हा प्रत्यक्षात ई फ्लॅट वाजतो, म्हणजे पेटीवरची काळी दोन. वाद्याचा नेहमीचा पल्ला खाली साधारण डी फ्लॅटपासून वर अडीच सप्तकं. बहुतेक ऑल्टोवादक मधल्या पट्ट्यात राहतात, कारण तिथे वाद्य भरदार बोलतं. डेझमंडचा मुक्काम त्याच्या वर असतो, डाव्या तळव्याने दाबायच्या चाव्यांच्या आसपास, आणि मनात आलं तर त्याही वर. तिथे ऑल्टो सहसा किंचाळतो. त्याचा किंचाळत नाही, बासरीच्या जवळ जातो. हे साधायचं असेल तर एक व्यायाम रोज करा. डाव्या हाताची तीन बोटं ठेवून 'जी' लावा, आठ मोजेपर्यंत धरा, मग ओठ जरासुद्धा न आवळता ऑक्टेव्हची चावी दाबा आणि वरचा 'जी' त्याच आवाजात आठ मोजेपर्यंत धरा. मग ए, बी, सी, आणि तळव्याच्या चाव्यांवरचे डी, ई फ्लॅट, ई, एफ. शेजारी ट्यूनर ठेवा. वर जाताना काटा चढला तर तुम्ही चावताय असं समजा. घसा 'ओ' म्हणताना असतो तसा मोकळा ठेवला की काटा खाली येतो. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, त्याला इलाज नाही.

खरं सांगायचं तर स्वर हा डेझमंडचा निम्माच भाग आहे, आणि त्यातल्या त्यात सोपा. अवघड आहे ते त्याचं वाजवता वाजवता रचणं.

तो १९२४ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. खरं आडनाव ब्राइटनफेल्ड. 'डेझमंड' आपण टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं असं तो सांगायचा. वडील मूकपटांना ऑर्गनची साथ करायचे. शाळेत क्लॅरिनेट, मग ऑल्टो, मग सैन्याचा बँड, आणि तिथेच १९४४ साली पियानोवादक डेव्ह ब्रूबेकची गाठ पडली. १९५१ साली ब्रूबेकची चौकडी, म्हणजे चार जणांचा बँड, उभी राहिली आणि १९६७ च्या अखेरीपर्यंत डेझमंड तिच्यात राहिला. हा काळ लक्षात घ्या, कारण १९५० च्या आसपास ऑल्टो वाजवणं म्हणजे चार्ली पार्करसारखं वाजवणं, असंच समीकरण होतं. डेझमंडला पार्कर पाठ होता. १९५४ साली बॉस्टनच्या एका रेडिओ कार्यक्रमात त्याने स्वतः पार्करला प्रश्न विचारले आहेत आणि ते रेकॉर्डिंग आजही ऐकता येतं. हे तंत्र आलं कुठून, असं डेझमंड विचारतो आणि पार्कर सांगतो की तीन-चार वर्षं आपण रोज अकरा ते पंधरा तास वाजवत होतो. डेझमंड स्वतःबद्दल मात्र उलटं सांगे: काही आठवडे रियाज करून पाहिला, पण मग फार जलद वाजायला लागलं. जगातला सर्वांत संथ ऑल्टोवादक म्हणून आपल्याला बक्षिसं मिळाली आहेत, असंही तो म्हणायचा. त्याच्या असल्या बोलण्यावर फार विश्वास ठेवू नये. विद्यार्थ्यांनी तर अजिबात नाही.

त्याचं रचणं कसं चालतं ते सरगमीत सांगतो, उदाहरण माझं आहे. समजा त्याने 'प म ग म' असा चार स्वरांचा तुकडा घेतला. खालची कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे स्वर, बदलते. तो तोच तुकडा एक पायरी खाली आणतो, 'म ग रे ग'. गाण्याच्या क्लासात पलटे घोटलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पण पलटा पुढे कुठे जाणार हे आपल्याला ठाऊक असतं. डेझमंड तिसऱ्या वेळी तो मोडतो. कधी शेवटचा स्वर लांबवतो, कधी अख्खा तुकडा वरच्या सप्तकात टाकतो, कधी नुसताच थांबतो आणि दोन ठोके जाऊ देतो. त्यातून जो नवा शेवट तयार झाला, तोच पुढच्या ओळीचा आरंभ. त्याच्या सोलोत एक ओळ सुटी काढून दाखवता येत नाही, कारण ती आधीच्या ओळीचं उत्तर असते.

पुष्कळदा ही सवाल-जवाबाची गोष्ट तो दोन सप्तकांत वाटून देतो. वर एक वाक्य, लगेच खाली त्याला उत्तर, पुन्हा वर. डोळे मिटून ऐकलं तर दोन वादक आहेत असा भास होतो. वाद्य एका वेळी एकच स्वर काढू शकतं, तरी दोन धुनी एकमेकींत विणल्यासारख्या ऐकू येतात. शिवाय मधेच दुसऱ्याच गाण्याची एखादी ओळ अशी बेमालूम पेरतो की ती मूळ गाण्याचाच भाग वाटावी. श्रोत्यांत कोणी ओळखीचं दिसलं की त्याला उद्देशून चिमटा काढायला तो हे करी. अमेरिकन गाणी माहीत नसतील तर आपल्याला यातले निम्मे विनोद कळत नाहीत, आणि त्याने काही बिघडत नाही.

हे सगळं तरुण वयात, पूर्ण जोशात ऐकायचं असेल तर 'जॅझ ॲट ऑबर्लिन' घ्या. ओहायोतल्या ऑबर्लिन कॉलेजात २ मार्च १९५३ रोजी झालेला कार्यक्रम. ब्रूबेकच्या पत्नी आयोला यांनी कॉलेजांना पत्रं धाडून असे कार्यक्रम ठरवायला सुरुवात केली होती, आणि नाइटक्लबच्या बाहेर जॅझला एक नवा श्रोता मिळाला तो अशा पत्रांमुळे. 'द वे यू लुक टुनाइट' हा ट्रॅक पाहा. लय जलद आहे, स्वर अजून पुढच्यासारखा मऊ झालेला नाही, धार आहे. डेझमंड म्हणजे मंद, झोपाळू संगीत असं ज्यांना वाटतं त्यांना मी हाच ट्रॅक ऐकवतो. पुढच्या वर्षीच्या 'जॅझ गोज टु कॉलेज'मधला 'बाल्कनी रॉक' हा बारा बारचा, म्हणजे मात्रांच्या बारा गटांच्या फेरीचा, ब्लूज आहे. तिथे तो सावकाश, एकेका फेरीत थोडंथोडं सांगत वर चढतो. सुरुवातीच्या विद्यार्थ्याला यातून जास्त मिळेल, कारण प्रत्येक फेरी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे बोटावर मोजता येतं.

ब्रूबेकचा पियानो आणि डेझमंडचा ऑल्टो यांचं जमत कसं होतं हा जुना वादाचा विषय. एक दोन्ही हातांनी जाड, ठासून भरलेल्या कॉर्ड ठोकणारा, दुसरा एका बारीक रेषेवर चालणारा. बऱ्याच जाणकारांना ब्रूबेक जड वाटतो आणि डेझमंडला दुसरा कोणी साथीदार मिळायला हवा होता असं ते म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये डेझमंडच्या एखाद्या तुकड्यावर ब्रूबेक क्षणात झडप घालतो आणि डेझमंड त्यातून निसटून वेगळ्याच वाटेने जातो. पुढे ज्या गिटारवाल्यांबरोबर त्याने वाजवलं त्यांच्याबरोबर ती चुरस नाही. पण स्वर शिकायचा असेल, ओळ कशी बांधतात ते स्वच्छ ऐकायचं असेल, तर पियानो वाटेत येतो हेही खरं.

मग 'टेक फाइव्ह'. ही रचना डेझमंडचीच, चौकडीच्या १९५९ च्या 'टाइम आउट' या रेकॉर्डमधली, १ जुलै १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत रेकॉर्ड झालेली. आधीच्या बैठकीत ती नीट जमली नव्हती. चौकडीचा ड्रमवादक जो मोरेलो याला पाच मात्रांत खेळायला मिळावं म्हणून डेझमंडने ती बांधली. तिचं असं काही होईल याची त्याला कल्पना नव्हती. १९६१ साली ती अमेरिकेच्या पॉप गाण्यांच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढली. तिचे हक्क त्याने मृत्युपत्रात अमेरिकन रेडक्रॉसला दिले, आणि ते पैसे तिथे अजूनही जातात.

पाच मात्रा ३ आणि २ अशा पडतात. झपताल हाताला बसलेला असेल तर इथे अडखळायला होतं, कारण झपतालात दोन आधी आणि तीन नंतर. टाळी देऊन बघा, शरीर उलट्या बाजूला ओढतं. पियानो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच ठेका धरून बसलेला आहे. बँड ब्रूबेकचा, आणि बँडच्या सर्वांत गाजलेल्या ट्रॅकमध्ये ब्रूबेकचा सोलोच नाही! धून काळी दोनच्या षड्जावर आहे, ई फ्लॅट मायनर. पियानोवाल्याला सहा फ्लॅट, पण ऑल्टोच्या बोटांना ती सरळ सी मायनर. डेझमंडने ती आपल्या बोटांच्या सोयीने बांधली हे उघड आहे. पहिलीच उचल पाहा: मंद्र पंचमावरून सा, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, तीव्र मध्यम, पंचम. ऑल्टोवर जी, सी, ई फ्लॅट, एफ, एफ शार्प, जी. शुद्ध मध्यमाला लागूनच तीव्र मध्यम, ही ब्लूजची खूण. एवढ्या चिमूटभर सामानावर अख्खी धून उभी आहे.

पण सोलोच्या वेळी काय होतं? खाली दोनच कॉर्ड, ई फ्लॅट मायनर आणि बी फ्लॅट मायनर, आलटून पालटून. मधल्या भागातल्या बदलत्या कॉर्ड गायब. डेझमंड त्या दोन कॉर्डवर फार सुंदर बोलतो, मोकळ्या जागा ठेवतो, बारची रेघ ओलांडून वाक्य पुढे नेतो. पण त्याची जी खरी करामत, कॉर्ड सरकली की तुकडा सरकवणं आणि तिसऱ्या वेळी फसवणं, तिला इथे वावच नाही. त्यामुळे त्याचा सर्वांत प्रसिद्ध सोलो हा त्याची ओळख करून घ्यायला सर्वांत कमी उपयोगाचा आहे, असं माझं मत आहे. 'टेक फाइव्ह'चा सोलो उतरवून डेझमंड शिकू पाहणाऱ्याच्या हाती एक मायनर स्केल लागतं आणि तो म्हणतो, एवढंच? ऐकायचंच असेल तर फेब्रुवारी १९६३ च्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमात हीच चीज ऐका, लय बरीच चढी आहे आणि वादकांना आता ती अंगवळणी पडली आहे.

याच चौकडीचा आपल्याशी एक संबंध आहे तो सांगून पुढे जातो. १९५८ साली अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर ती पोलंड, तुर्कस्तान करत भारतात आली. मुंबईत ब्रूबेकने उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवलं, मद्रासेत मोरेलोला मृदंगम् जवळून ऐकायला मिळाला. पाच आणि नऊ मात्रांची हौस तिथूनच आली असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. नऊ मात्रांच्या चालीचं श्रेय ब्रूबेक स्वतः इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांना देतो. दौऱ्याचा परिणाम झाला हे नक्की, पण डेझमंडच्या वादनात भारतीय काही शोधायला गेलात तर निराशा होईल. ऑल्टोतून आपलं संगीत ऐकायचं असेल तर त्यासाठी कद्री गोपालनाथ यांची रेकॉर्डिंग आहेत.

आता खरी यादी, माझ्या आवडीच्या क्रमाने. डेझमंडने ब्रूबेकला असं कबूल केलं होतं की आपल्या स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा पियानोवादक घेणार नाही. या अटीने त्याचं भलंच केलं. पियानो नाही म्हणून गिटार आली, आणि गिटार घेऊन आला जिम हॉल. १९५९ च्या सप्टेंबरात, 'टाइम आउट' नुकताच पुरा झालेला असताना, दोघांनी 'फर्स्ट प्लेस अगेन' रेकॉर्ड केलं. बासवर पर्सी हीथ, ड्रमवर कॉनी के, दोघेही मॉडर्न जॅझ क्वार्टेटचे, आवाज खाली ठेवून लय पक्की ठेवण्यात मुरलेले. 'टाइम आफ्टर टाइम' आणि 'ईस्ट ऑफ द सन' ऐका. हॉल काय करतो, तर पुष्कळ वेळा काहीच करत नाही. डेझमंडचं वाक्य संपलं की दोन-तीन स्वरांची एक कॉर्ड ठेवतो आणि बाजूला होतो. डेझमंडच्या थांबण्याला पहिल्यांदाच जागा मिळाली आहे. इथे त्याची ओळ, तिचे वळसे, श्वास कुठे घेतला, सगळं काचेतून दिसावं इतकं साफ ऐकू येतं.

पुढे आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी हे दोघं १९६१ ते १९६५ पर्यंत वाजवत राहिले. 'टेक टेन' (१९६३) सर्वांत सहज. त्यात पाच मात्रांची आणखी एक चीज आहे, आणि रेकॉर्डच्या पाकिटावरचा मजकूर डेझमंडने स्वतः लिहिलाय. माणूस लेखक व्हायला निघाला होता. आठवणींचं एक पुस्तक लिहायचं त्याच्या मनात होतं, आणि नाव ठरलं होतं 'चौकडीत तुम्ही किती जण आहात?' विमानप्रवासात त्यांना हा प्रश्न खरोखरच विचारला जायचा. एकच प्रकरण छापून आलं, १९७३ साली इंग्लंडच्या 'पंच' साप्ताहिकात. 'बॉसा अँटिग्वा'त ब्राझिलियन ठेके आहेत, ऐकायला छान, शिकायला त्यातून विशेष काही नाही. 'ग्लॅड टु बी अनहॅपी' आणि 'ईझी लिव्हिंग' ही संथ गाण्यांसाठी. 'डेझमंड ब्लू'मध्ये तारवाद्यांचा ताफा आहे. स्वर अप्रतिम, पण व्हायोलिनची गादी मला सोसत नाही. ज्यांना सोसते त्यांनी ऐकावं.

जेरी मलिगनबरोबरचं 'टू ऑफ अ माइंड' (१९६२) मात्र चुकवू नका. मलिगन बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवतो, ऑल्टोच्या बरोबर एक सप्तक खाली, आणि कॉर्ड देणारं कोणीच नाही, ना पियानो ना गिटार. 'ऑल द थिंग्ज यू आर' या गाण्यात कॉर्ड बहुतेक पंचमाच्या अंतराने खाली सरकत जातात. वर सांगितलेला तुकडा सरकवण्याचा खेळ उघड्यावर बघायचा असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही. दोघं एकमेकांचं वाक्य अर्ध्यात उचलतात.

चौकडी मोडल्यावर काही वर्षं त्याने फारसं वाजवलं नाही. निर्माता क्रीड टेलरसाठी केलेली 'समरटाइम', 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' वगैरे रेकॉर्डं त्या वेळच्या चवीची आहेत, मागे मोठा वाद्यमेळ, पुढे डेझमंड. मी ती क्वचित लावतो. पण १९७४ मध्ये जिम हॉलच्या शिफारशीवरून त्याला टोरांटोचा गिटारवादक एड बिकर्ट भेटला आणि 'प्युअर डेझमंड' झालं. बिकर्ट टेलिकास्टर वाजवायचा, म्हणजे रॉक आणि कंट्रीवाल्यांची गिटार, आणि तिच्यातून पियानोसारख्या चार-पाच पदरी कॉर्ड काढायचा. ऑक्टोबर १९७५ मध्ये टोरांटोच्या बूर्बन स्ट्रीट क्लबमध्ये ही मंडळी वाजवत असताना बासवादक डॉन टॉम्पसनने स्वतःच रेकॉर्डिंग केलं. तेच 'द पॉल डेझमंड क्वार्टेट लाइव्ह'. मला एकच रेकॉर्ड ठेवायला सांगितलं तर मी हे ठेवीन. मागे बाटल्यांचा, माणसांचा आवाज आहे. 'वेंडी' हा ट्रॅक त्याचा स्वतःचा, 'फॉर ऑल वी नो' या गाण्याच्या कॉर्डवर बांधलेला. ऑबर्लिनच्या मानाने इथे निम्मेच स्वर आहेत. लय निवांत आहे, वाक्य ठोक्याच्या किंचित मागे पडतं, आणि एक वाक्य संपून दुसरं सुरू होण्यामधल्या जागेत बिकर्ट काय ठेवतो हे ऐकण्यासाठी डेझमंडही थांबलाय असं वाटतं. याच सुमाराचं जिम हॉलचं 'कॉन्सिएर्तो' (१९७५) ऐका, त्यात ट्रम्पेटवादक चेट बेकरही आहे. डेझमंड ३० मे १९७७ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, वय ५२. सिगारेट त्याच्या हातून कधी सुटली नाही.

राहिला सोलो उतरवण्याचा प्रश्न. वर म्हटल्याप्रमाणे 'टेक फाइव्ह' नको. 'टाइम आफ्टर टाइम'मधली त्याची सोलोची पहिली फेरी घ्या, नाहीतर 'वेंडी'तली. वाद्य हातात घ्यायच्या आधी ती तोंडपाठ गाता आली पाहिजे. सॅक्सोफोनवाल्यांना गायचा कंटाळा असतो. पण गळ्याने जिथे अडखळाल तिथेच बोटं अडखळणार. मग कागद घ्या आणि सगळे स्वर लिहायच्या फंदात न पडता फक्त दोन गोष्टी लिहा: प्रत्येक वाक्याचा पहिला स्वर आणि श्वास कुठे घेतला ते. याच कागदावर मूळ गाण्याच्या कॉर्ड टाका. वाक्यं कॉर्डच्या आधी सुरू होतात की नंतर, हे दिसायला लागेल. बहुतेक वेळा ती तुमच्या अंदाजापेक्षा उशिरा सुरू होतात. मधले स्वर त्यानंतर भरा. मोबाइलवर वेग कमी करून ऐकायला हरकत नाही, पण निम्म्याच्या खाली नेऊ नका, कारण त्याच्या जिभेचा आघात इतका हलका असतो की तो ऐकूच येईनासा होतो आणि तुम्ही सगळंच एका फुंकीत जोडून वाजवू लागता.

मग ती फेरी रेकॉर्डसोबत वाजवा, त्याच्यापेक्षा हळू आवाजात. त्याचा आवाज ऐकू येत नसेल तर तुम्ही जोरात वाजवताय. हे जमलं की त्यातलं एकच वाक्य उचला आणि दुसऱ्या एखाद्या गाण्यावर बसवून बघा, कॉर्डप्रमाणे सरकवत. मराठी भावगीत चालेल, कॉर्ड बदलत्या असल्या म्हणजे झालं.

आणि तरीही मित्रमंडळींत 'टेक फाइव्ह' वाजवायची फर्माईश होणारच, तेव्हा एक व्यवहाराची गोष्ट. इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रती पियानोसाठी ई फ्लॅट मायनरमध्ये लिहिलेल्या असतात. ती प्रत ऑल्टोवर जशीच्या तशी वाजवली तर प्रत्यक्षात काळी तीन लागेल आणि पियानोवाला तुमच्याकडे बघत बसेल. ऑल्टोची प्रत सी मायनरची, तीन फ्लॅटची, एवढं तपासूनच छापून घ्या.